द्राक्षबागेतली जीप : रंगाआधी मीठ धुवा

वाचकाचं पत्र (दिंडोरी तालुका), थोडक्यात :

आजोबांनी १९७२ साली घेतलेली महिंद्राची सीजे-३बी पेट्रोल जीप आमच्या बागेतल्या शेडमध्ये अकरा वर्षं उभी आहे. त्याआधी तिने कितीतरी हंगाम खताच्या गोण्या, मोरचुदाच्या बॅगा आणि औषधाचे ड्रम वाहिले. मागच्या क्रॉस मेंबरला बोट जाईल एवढी भोकं पडलीत, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गेलाय, इंजिन जाम आहे. गॅरेजवाला म्हणतो, बॉडी न उतरवता तारेच्या ब्रशने घासू, भोकांवर पट्ट्या मारू, रेड ऑक्साइडवर काळा रंग देऊ आणि डिझेल इंजिन टाकू. दसऱ्याला गाडी दारात. चुलतभाऊ म्हणतो, नवी चासीच आण. मला ती आजोबांच्या वेळी होती तशी हवी आहे. चासी वाचेल का? गॅल्व्हनाइझ करावी का? कागदपत्रांचं काय? आणि हे सगळं दसऱ्यापर्यंत होईल का?

नमस्कार.

चासी बहुतेक वाचेल. मागचा क्रॉस मेंबर (चासीचा आडवा दांडा) हा या जीपचा सगळ्यात आधी कुजणारा भाग. चाकांनी उडवलेला चिखल तिथेच जाऊन बसतो. तो कापून नवा करता येतो. खरा प्रश्न दोन लाँग मेंबरचा, म्हणजे चासीच्या लांबीभर जाणाऱ्या दोन मुख्य दांड्यांचा आहे, आणि त्याचं उत्तर रंग खरवडून, ठोकून, मोजूनच मिळेल. पण गॅरेजवाल्याने सांगितलेली पद्धत कृपा करून वापरू नका. तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'भोकं' नाही, 'मोरचूद' आहे.

पावसात उभ्या राहिलेल्या गाडीचा गंज वेगळा आणि बागेत राबलेल्या गाडीचा वेगळा. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. त्याचं पाणी उघड्या लोखंडाला लागलं की तांबं लोखंडावर बसतं आणि तेवढं लोखंड विरघळून जातं. बसलेला तांब्याचा कण तिथेच राहतो आणि ओल मिळाली की शेजारचं लोखंड खात राहतो. त्यात म्युरेट ऑफ पोटॅश या खतातलं क्लोराइड आणि अमोनियम सल्फेट या खतातलं सल्फेट यांची भर. हे सगळे क्षार गंजाच्या पापुद्र्याखाली, खड्ड्यांच्या तळाशी जाऊन बसतात. तारेचा ब्रश वरवरचा गंज काढतो आणि लोखंड चकचकीत दिसायला लागतं, पण खड्ड्यातलं मीठ जागचं हलत नाही.

आता त्यावर रंग दिला तर काय होतं? कुठलाही रंग पाण्याची वाफ थोडी थोडी आत येऊ देतोच. खाली मीठ असेल तर ते ती ओल ओढून घेतं. एक-दोन पावसाळ्यांत रंगावर मुगाएवढे फोड येतात. असा फोड सुईने टोचून पाहा. आतून पाण्याचा एक थेंब येतो, आणि पापुद्रा उचलला की खाली मधोमध काळा, कडेला तपकिरी गंज दिसतो. रंग महागाचा असो की स्वस्तातला, फोड येणारच. म्हणून या कामात आधी बंद जागा उघडायच्या, मग मीठ धुवायचं आणि शेवटी रंग. खर्च कुठे वाचवायचाच असेल तर वरच्या रंगात वाचवा, धुण्यात नको.

बॉडी उतरवावीच लागेल. चासीवर बॉडी टेकते तिथल्या जागा, आणि बॉडीच्या फरशीखाली जोडलेले टोपीच्या आकाराचे चॅनेल, या दोन्ही ठिकाणी वर्षानुवर्षं ओली माती अडकून राहते. बॉडी चढलेली असताना तिथे ना ब्रश पोचत, ना पाणी, ना रंग. उतरवण्याआधी दोन्ही बाजूंच्या दाराच्या मोकळ्या जागेत, आणि आडवा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे, २५ मिमीचा चौकोनी पाइप टाके मारून जोडा. फरशी कुजलेली बॉडी उचलली की ती दाराच्या जागी दुमडते, आणि मग ग्रिल, बॉनेट, काचेची फ्रेम यांतलं काहीच जागेवर बसत नाही. हा आधार नवी फरशी पूर्ण जोडली जाईपर्यंत काढायचा नाही.

खोलताना प्रत्येक सांध्याचे फोटो घ्या आणि नट-बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत चिठ्ठी टाकून ठेवा. जाम नटांवर दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ गंज सोडवणारं तेल सोडा, मग पाना लावा. तरी हलला नाही तर गॅसने नट तापवा, बोल्ट नको. दोन गोष्टी नीट पाहून घ्या. जुन्या जीपमध्ये डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. स्टडच्या टोकावर इंग्रजी 'एल' अक्षर दिसलं तर तो उलटा फिरवायचा. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) शॅकल, म्हणजे पाटी चासीला टांगणारे दुवे, आट्याचे असतील तर त्यांतलेही काही उलट्या आट्याचे निघतात. दुसरं, या गाडीचे आटे अमेरिकन पद्धतीचे, इंची आहेत. बाजारातला एम-८ चा नट ५/१६ च्या बोल्टवर दोन आटे सहज जातो आणि तिसऱ्याला अडकतो. पाइप लावून तो फिरवला की दोन्ही गेले. नवीन बोल्ट मागताना जुना नमुना सोबत न्या.

आणखी एक काम अगदी सुरुवातीलाच करून टाका. चासीवर ठोकलेला नंबर हाताने हळुवार साफ करून त्यावर कागद धरा, पेन्सिलची छाप घ्या आणि जवळून फोटोही काढून ठेवा. पुढे ब्लास्टिंगला (दाबाच्या हवेने बारीक कण मारून गंज उडवायला) जाताना त्या जागेवर जाड रबरी पट्टी दोन पदर चिकटवा. तो नंबर झिजला तर तुमची चासी कितीही सुंदर झाली तरी आरटीओत तिची ओळख पटवणं अवघड होतं. नवी चासी आणायची नाही याचंही हेच कारण. नंबर नसलेली चासी म्हणजे वेगळी गाडी, आणि तिच्यावर जुना नंबर ठोकणं हा सरळ गुन्हा आहे.

आता चासी. ती चार स्टँडवर ठेवून पाणलेव्हलने समतल करा. पाट्या चासीला जिथे जोडतात त्या हँगरच्या भोकांपासून तिरकी मापं घ्या, पुढच्या डाव्यापासून मागच्या उजव्यापर्यंत आणि उलट. दोन्हीत ३ मिमीपर्यंत फरक असला तर निर्धास्त राहा. ६ च्या वर गेला तर वेल्डिंगआधी ती दाबून सरळ करून घ्या, नाहीतर वाकडेपणा कायमचा जोडला जाईल. मग अर्धा किलोची गोल डोक्याची हातोडी घ्या आणि बोटभर अंतराने ठोकत चला. चांगलं लोखंड टणकन वाजतं, कुजलेलं भदभद वाजतं आणि हातोडीखाली खळगा पडतो. संशयाची प्रत्येक जागा खडूने रंगवा. वेल्डिंगची कामं घेणाऱ्या काही शॉपमध्ये जाडी मोजायचं अल्ट्रासॉनिक यंत्र मिळतं. गंज न लागलेल्या सरळ भागावर मूळ जाडी मोजा आणि तिच्या तीन चतुर्थांशाहून कमी भरेल तो भाग कापायचा असं धरून चाला. हँगर, स्टीअरिंग बॉक्स आणि इंजिन माउंटच्या आसपास तर याहूनही कडक राहा.

पुढचा भाग फसवा असतो. तिथे चॅनेलला आतून पट्टी जोडून पेटी केलेली असते, बाहेरून छान दिसते, पण आत मूठ-मूठ माती आणि गंजाचे पापुद्रे साठलेले. खालच्या बाजूने १२ मिमीची दोन भोकं पाडून आत तार फिरवा. भुसा पडत राहिला तर आतली पट्टी कापून काढा, आत स्वच्छ करा आणि नवी लावा. दुहेरी प्लेट असलेले हँगर आणि रिव्हेट मारलेले सांधे हीदेखील अशीच ठिकाणं. दोन प्लेटांमधला गंज फुगून त्यांना एकमेकींपासून दूर ढकलतो. मध्ये ब्लेड शिरेल एवढी फट दिसली तर रिव्हेट काढून सांधा उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. परत जोडताना गरम रिव्हेट मारणारा कारागीर मिळाला तर उत्तम. नाही तर भोक रीमरने नेमकं करून त्यात घट्ट बसणारे ८.८ किंवा त्याहून वरच्या ग्रेडचे बोल्ट. सैल रिव्हेटला वेल्डिंगचा टाका मारून दाबू नका. थोड्याच दिवसांत तो टाका तडकतो.

भोकावर पट्टी मारायची गॅरेजची सवय इथे सगळ्यात घातक. पट्टी आणि जुना पत्रा यांच्यामध्ये गंज तसाच राहतो आणि पाणी केसाएवढ्या फटीतून आत ओढलं जातं. कुजलेला भाग निरोगी लोखंड लागेपर्यंत कापा, मूळ जाडीचाच माइल्ड स्टीलचा तुकडा घ्या, त्याचे कोपरे गोल करा आणि सांध्याला सांधा लावून मिग वेल्डिंगने जोडा. लाँग मेंबरवर आडवा सरळ काप कधीच घेऊ नका. काप ४५ अंशांत तिरका घ्या, म्हणजे सगळा ताण एका रेषेवर येणार नाही. वरच्या आणि खालच्या कडेवर टाका संपवू नका, तिथूनच भेग सुरू होते. एका वेळी २५-३० मिमी जोडा, मग समोरच्या बाजूला जा आणि हात लावता येईल इतकं थंड होऊ द्या. मागचा क्रॉस मेंबर बदलताना आधी दोन्ही लाँग मेंबरमध्ये आडवा अँगल तात्पुरता जोडून अंतर पक्कं करा. काम झालं की तिरकी मापं पुन्हा घ्या. आणि रंगाआधी बॉडी एकदा नुसती चढवून बोल्टची भोकं जुळतात का ते पाहा. रंगल्यावर ग्राइंडर लावायची वेळ आली की इतक्या दिवसांची मेहनत मातीत जाते.

ब्लास्टिंग आणि रंग नाशिकच्या सातपूर किंवा अंबड एमआयडीसीत करून घ्या, पण दोन्ही एकाच आवारात. अंबडला ब्लास्टिंग करून उघडी चासी टेंपोत टाकून दिंडोरीला आणली, की वाटेतच ती तांबूस होते. ब्लास्टिंगवाल्याला स्टील ग्रिट (पोलादाचे खरबरीत कण) किंवा कॉपर स्लॅग वापरायला सांगा, नदीची वाळू नको. वाळूत स्वतःचे क्षार असतात आणि तिची धूळ कामगाराची फुप्फुसं कायमची निकामी करते. सफाईचा दर्जा 'एसए अडीच', म्हणजे जवळपास पांढरं लोखंड दिसेपर्यंत, मागा, त्यांना हा शब्द कळतो.

आणि पहिल्या ब्लास्टिंगनंतर लगेच रंग लावू देऊ नका. हा मुद्दा त्यांना आधीच सांगून दर ठरवा, कारण त्यांच्या नेहमीच्या कामात तो बसत नाही. क्रम असा : ब्लास्टिंग, मग प्रेशर वॉशरने धुणं, वाळवणं, आणि पुन्हा हलकं ब्लास्टिंग. पहिल्या ब्लास्टिंगने पापुद्रे जातात आणि खड्ड्यांची तोंडं उघडतात. त्यानंतरच पाणी तळापर्यंत जाऊन मीठ बाहेर काढू शकतं. शेवटचं धुणं आरओच्या पाण्याने. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्याने धुतलं तर एक मीठ काढून दुसरं लावल्यासारखं होईल. धुतल्यावर चासी पिवळसर होईल, घाबरू नका, दुसऱ्या ब्लास्टिंगने ते जातं. खड्ड्यात तांबूस-गुलाबी ठिपका चमकताना दिसला तर ते मोरचुदाचं तांबं आहे. तिथे ग्रिटची नळी जवळ धरून तो पूर्ण जाईपर्यंत मारायला सांगा.

मीठ गेलं की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, पण तुमच्याकडे ते मोजायचं साधन आहे. ठिबकच्या पाण्यासाठी वापरता तो ईसी मीटर, म्हणजे पाण्यातले क्षार विद्युतवाहकतेवरून सांगणारं यंत्र. लाँग मेंबरच्या उभ्या भिंतीवर ८ सेंमी रुंद आणि ५० सेंमी लांब पट्टी खडूने नव्हे, चिकटपट्टीने आखा. वाटीत ५० मिली डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्याचा ईसी पाहून ठेवा. हातमोजे घालून कापूस त्या पाण्यात बुडवायचा, आखलेल्या जागेवर चोळायचा, वाटीत पिळायचा, असं चार-पाच वेळा करा. मग पुन्हा ईसी पाहा. आकडा ०.०५ मिलिसिमेन्स/सेंमीपेक्षा जास्त वाढला तर ती जागा पुन्हा धुवा. हातमोजे विसरू नका, घामातही मीठ असतं. सगळ्यात खड्डे पडलेली जागा, पुढच्या पेटीचा भाग आणि मागच्या क्रॉस मेंबरजवळची जागा, निदान या तीन ठिकाणी ही चाचणी घ्या. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि संपूर्ण रंगाचं आयुष्य त्यावर ठरतं.

दव काय करतं हे द्राक्षवाल्याला वेगळं सांगायला नको. पान ओलं राहिलं की डावणी येते म्हणून तुम्ही पहाटे उठून बाग पाहता. तोच न दिसणारा ओलावा गार लोखंडावरही बसतो. म्हणून नाशिकच्या थंडीत सकाळी ११ च्या आधी आणि संध्याकाळी ४ नंतर प्रायमर लावायचा नाही. लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी वर हवं, हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली. दुसरं ब्लास्टिंग संपल्यापासून चार तासांच्या आत पहिला हात पडला पाहिजे.

प्रायमर दोन डब्यांचा इपॉक्सी, झिंक फॉस्फेटवाला घ्या. साधा रेड ऑक्साइड पाणी अडवत नाही, त्याच्यावर फार भिस्त ठेवू नका. आधी कडा, रिव्हेट, वेल्डिंगच्या रेघा, भोकांचे काठ यांवर नुसत्या ब्रशने एक हात. रंग कडेवरून मागे सरकतो आणि कडेवरच सगळ्यात पातळ राहतो, गंजही तिथूनच सुरू होतो. मग स्प्रेने पूर्ण दोन हात, प्रत्येक वाळल्यावर सुमारे ७५ मायक्रॉन. चासी, दोन्ही एक्सल आणि पाट्यांचे ब्रॅकेट मिळून मिश्रण ४ लिटर धरा. हार्डनर मिसळल्यावर किती वेळ थांबायचं आणि पुढचा हात किती तासांत द्यायचा ते डब्यावर लिहिलेलं असतं. ती मुदत उलटली तर पॉलिश पेपर मारल्याशिवाय पुढचा हात धरत नाही. वर काळा पॉलियुरेथेन, २ लिटर पुरे. शेवटी, रंग आठवडाभर पक्का झाल्यावर, पुढच्या पेट्यांत आणि क्रॉस मेंबरच्या पोटात लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं मेण) मारा, आणि मघाशी पाडलेली १२ मिमीची भोकं बुजवू नका. पाणी आत येणारच, त्याला बाहेरची वाट हवी.

गॅल्व्हनाइझिंगला आमचा स्पष्ट नकार आहे. ४५० अंशांच्या जस्तात बुडवल्यावर रिव्हेटची चासी वाकू शकते, आणि आधीच्या ॲसिडच्या हौदातलं ॲसिड दुहेरी प्लेटांच्या मध्ये अडकून नंतर तिथूनच गळत राहतं. पावडर कोटिंग दिसायला सुंदर, पण दगड लागून टवका उडाला की गंज त्याखालून सरकत जातो आणि वर काहीच दिसत नाही. लहान ब्रॅकेटना चालेल, चासीला नको.

बॉडीबद्दल थोडक्यात. बाजूंच्या सपाट पत्र्यांवर चासीसारखं जोरात ब्लास्टिंग केलं तर पत्रा ताणून लाटा येतात. तिथे रंग काढायचं केमिकल आणि हात वापरा. फरशी आणि तिच्याखालचे टोपी चॅनेल १६ गेजच्या सीआरसीए (कोल्ड रोल्ड) पत्र्यात बनवून घ्या, बाजूंना १८ गेज. चॅनेल जोडण्याआधी आतून झिंकचा वेल्डिंग प्रायमर, आणि प्रत्येक चॅनेलच्या तळाशी दोन्ही टोकांना १० मिमीची भोकं. लांबी (पुट्टी) पातळ हाताने आणि प्रायमरच्या वरच. उघड्या पत्र्यावर लावलेली लांबी पाणी पिते.

आता यंत्राकडे. जाम इंजिनला बॅटरी लावून सेल्फ मारू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये १५ मिली गिअर ऑइल आणि डिझेलचं पातळ मिश्रण सोडा, तीन दिवस थांबा आणि मग हँडलने पुढे-मागे अलगद हलवा. न हलल्यास हेड उघडा. या एफ-हेड इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात. उभ्या गाडीत अडकतात ते बहुधा खालचे. आणि हेडचा एक बोल्ट कार्बोरेटरच्या खाली, इनलेटच्या तोंडात लपलेला आहे. तो न काढता हेडला टॉमी (पहार) लावून उचलणाऱ्यांनी कास्टिंग फोडलेली आहेत. बांधताना थंड इंजिनवर व्हॉल्व्हची फट इनलेट १८ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), एक्झॉस्ट १६ थाऊ, प्लगची फट ३०, पॉइंटची २०, फायरिंगचा क्रम १-३-४-२. ब्लॉकचे पाण्याचे पत्र्याचे बूच सगळे नवे, आणि ते काढलेच आहेत तर मागच्या सिलिंडरभोवतीचा गंजाचा गाळ तारेने ओढून काढा. इंजिन पुढे तापतं ते त्याच गाळामुळे.

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसमध्ये जीएल-४ दर्जाचं ९० नंबरचं तेल टाका. जीएल-५ मधली रसायनं गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना मानवत नाहीत. पुढच्या एक्सलच्या गोल नकलमध्ये किंगपिनच्या शिम (जाडी जुळवणाऱ्या पातळ चकत्या) चारही नीट मोजून ठेवा. त्या उलटसुलट झाल्या की साठच्या वेगाला स्टीअरिंग थरथरायला लागतं आणि लोक चाकं बॅलन्स करत बसतात.

ब्रेकमध्ये जुनं काहीही परत लावू नका. मूळ रचनेत एकच मास्टर सिलिंडर चारही चाकांना दाब देतो, म्हणजे एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला. ३/१६ इंची स्टीलची नळी लावा, दुहेरी फ्लेअरची (टोक दोनदा दुमडून पसरवलेली). साधी तांब्याची नळी थरथरून कडक होते आणि फ्लेअरच्या मुळाशी तुटते. नळ्या चासीच्या आतल्या बाजूने, मूळ क्लिपांच्याच जागी. पेट्रोलच्या बाबतीत आता एक नवी अडचण आहे. पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओल ओढतं आणि जुनं रबर फुगवतं. टाकी आतून साफ करून घ्या, सगळे होस आणि पंपाचा पडदा इथेनॉल चालणारा घ्या, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीतलं पेट्रोल तळाला गेलेलं ठेवू नका, टाकी भरलेली ठेवा.

डिझेल इंजिन टाकू नका. तुम्हाला आजोबांची जीप हवी आहे म्हणून तर नाहीच, पण नोंदणीसाठीही नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण चासी, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात असतील तरच. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, क्रमांकात 'व्हीए' अक्षरं. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि इंधन भरणं यांपुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. तुम्हाला तिने रोज बागेत आणि दिंडोरीच्या बाजारात जायचं असेल तर व्हिंटेजच्या मागे लागू नका, नेहमीच्या नोंदणीचं नूतनीकरण फॉर्म २५ वर करा. दोन्हींपैकी काहीही करा, आरसी आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील तर आधी फॉर्म ३१ वर वारसाच्या नावाने बदल हवा. जुन्या पुस्तकावरची नोंद संगणकात नसेल तर तिची बॅकलॉग एंट्रीही करावी लागेल. पेठ रोडच्या आरटीओत हे काम चासी उघडतानाच सुरू करा, कारण कागदाला लागणारा वेळ आणि वेल्डिंगला लागणारा वेळ साधारण एकत्रच संपतो.

दसऱ्यापर्यंत गाडी दारात येणार नाही. आता पावसाळा आहे, त्याचा उपयोग खोलणं, मोजणं, सुटे भाग जमवणं आणि वेल्डिंग यांसाठी करा. ब्लास्टिंग आणि प्रायमर दिवाळी ते संक्रांत या कोरड्या दिवसांत. तोवर उघडी चासी बागेच्या शेडमध्ये ठेवू नका. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या सुरू झाल्या की तेच औषध हवेतून तिच्यावर येऊन बसेल. घराच्या पडवीत, लाकडी ओंडक्यांवर, ताडपत्री तिला न चिकटता वरून तंबूसारखी टाकून ठेवा. दसऱ्याला वेल्डिंग झालेल्या चासीची पूजा जरूर करा, झेंडूची माळ घाला, आजोबांचा पाना शेजारी ठेवा. नारळ मात्र थोडा बाजूला फोडा. त्याच्या पाण्यातही पोटॅशचे क्षार असतात, आणि चासीवर पडलंच तर लगेच स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडं पुसा.